तांगीबाबांची उधारी

‘आज रोख, उद्यां उधार’ अशी पाटी ज्या दुकानांत लटकत असते, त्या दुकानदाराविषयीं आमच्या मनांत कधीं राग आला नाहीं. बिचाऱ्याला संसार असतो, जागेचें भाडें असतें, आणि उधारी बुडविणारीं आमच्यासारखीं गिऱ्हाइकें असतात. तरी पण ज्या दुकानांत ही पाटी नाहीं, तेथें नुसत्या मालाच्या देवघेवीपेक्षां कांहीं तरी अधिक घडत असावें, अशी आमची फार जुनी समजूत आहे. दोन वर्षांपूर्वीं पॅरिस शहरीं एका चित्रापुढें उभे असतांना ही समजूत खरी ठरली, आणि त्याच घटकेस तिनें आम्हांस ओशाळविलेंही. त्या दोहोंची ही हकीकत.

आमची कन्या शिक्षणाच्या निमित्तानें तेथें राहत होती. रोदाँ या थोर शिल्पकाराचें संग्रहालय दाखविण्यासाठीं ती आम्हां उभयतांस घेऊन गेली. बागेंतला तो हनुवटीला हात लावून बसलेला विचारमग्न पुरुष आम्हीं पुस्तकांतून इतक्या वेळां पाहिला होता, कीं प्रत्यक्ष भेटींत नवी ओळख अशी फारशी झाली नाहीं. मग आंत शिरलों. एकामागून एक दालनें. संगमरवर, ब्राँझ, प्लॅस्टर. पांढऱ्या-काळ्याला दृष्टि सरावली असतां एका भिंतीवर एकाएकीं रंगांचा गलबला झाला. पाहतों तों व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें १८८७ सालीं रंगविलेलें एक व्यक्तिचित्र!

चित्र सुमारें तीन फूट उंच आणि अडीच फूट रुंद. मधोमध एक म्हातारा बसला आहे. अंगांत निळा जाडाभरडा कोट, डोक्यावर रुंद कडेची टोपी, आंखूड दाढी, आणि दोन्ही हात पोटापाशीं एकमेकांत गुंफलेले. तो तिरपा बसलेला नाहीं, कोठें दूर पाहत नाहीं. सरळ पाहणाराच्या डोळ्यांत पाहतो. त्याच्या मागें भिंत असावी. पण ती दिसत नाहीं, कारण तसूभरही जागा मोकळी न सोडतां तिच्यावर जपानी चित्रें लावलेलीं आहेत. एकांत बहरलेलें झाड, एकांत वेलीवरचीं फुलें, दोहों बाजूंस रंगीबेरंगी किमोनो ल्यालेलीं काबुकी रंगभूमीवरचीं पात्रें. काबुकींत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचें नवल वाटूं नये. आणि म्हाताऱ्याच्या टोपीच्या अगदीं वर, जणूं तिचाच तुरा, असा फुजी पर्वत.

हा म्हातारा कोण? कोणी सरदार नव्हे, कवि नव्हे, विद्वान् तर नव्हेच. तो एक रंगविक्या दुकानदार होता. नांव ज्यूलियँ तांगी. पॅरिसचे चित्रकार त्यांना ‘पेर तांगी’ म्हणत. पेर म्हणजे बाप. तेव्हां मराठींत आपण त्यांना तांगीबाबा म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांचा जन्म १८२५ सालीं फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांतांत झाला. पॅरिसला येऊन ते रंग खलण्याच्या धंद्यांत पडले, आणि शहराबाहेर उघड्यावर बसून चित्रें काढणाऱ्या तरुण मंडळींना रंग नेऊन विकूं लागले. १८७१ सालीं पॅरिसच्या सामान्य जनतेनें उठाव करून ‘कम्यून’ स्थापन केलें, त्यांत तेही सामील होते. पुढें पकडले गेले, तुरुंगवास भोगला, आणि सुटून आल्यावर मोंमार्त्र टेकडीच्या उतारावर क्लोझेल नांवाच्या गल्लींत त्यांनीं रंगांचें एक लहानसें दुकान थाटलें.

या दुकानांत ती पाटी नव्हती. पैसे नसले तरी रंगाच्या नळ्या मिळत, कॅनव्हास मिळे, आणि मोबदला म्हणून तांगीबाबा एखादें चित्र ठेवून घेत. तीं चित्रें कोणास नको होतीं, तेव्हांची ही गोष्ट आहे. सेझान याचीं चित्रें पाहावयाचीं असतील तर सुमारें पंधरा वर्षें पॅरिसमध्यें जवळजवळ हें एकच ठिकाण होतें. तरुण चित्रकार त्यासाठींच तेथें वाट वांकडी करून जात. तांगीबाईंना हा उधारीचा कारभार मुळींच पसंत नव्हता असें सांगतात, आणि आम्हांस त्या माउलीचाही पक्ष समजतो. चूल त्यांना पेटवावयाची होती, आणि सेझानचीं सफरचंदें शिजवून खातां येत नाहींत.

या दुकानाचें एक गिऱ्हाईक व्हिन्सेंट. १८८६ सालीं तो पॅरिसला आपला धाकटा भाऊ थिओ याच्याकडे राहावयास आला, तेव्हां त्याचें वय बत्तीस वर्षांचें होतें. स्वतःची कमाई शून्य. सारा भार थिओवर. मॉडेलला द्यावयास पैसे नसत, म्हणून आरसा समोर ठेवून तो स्वतःचाच चेहरा पुनः पुनः रंगवी. अशा माणसाला ज्यांनीं रंग दिले, आणि पुढें स्वस्थपणें समोर बसून आपला चेहराही दिला, त्या तांगीबाबांचें ऋण त्याच्या डोक्यावर होतें. तें फेडावयास त्याच्याजवळ काय होतें? पैसा नव्हता. पण त्याला जगांत सर्वांत मोलाची वाटणारी एक वस्तु त्याच्या घरीं होती, आणि ती म्हणजे जपानी चित्रांचा गठ्ठा.

या चित्रांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. जपानांत तीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठीं होत नसत. चित्रकार रेखाटन करी. कोरणारा तें चेरीच्या लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरी, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. छापणारा ओलसर कागदावर एकेक रंग हातानें घासून उठवी. आणि प्रकाशक तीं चित्रें बाजारांत विकी. चित्रकाराचें नांव कागदावर असे. कोरणाराचें व छापणाराचें बहुधा नसे. नटांचीं, रूपवतींचीं, रस्त्यावरच्या मुक्कामांचीं, पावसाचीं व बर्फाचीं हीं चित्रें एदो शहरांतला साधा माणूसही विकत घेई. १८५४ च्या तहानंतर जपानचीं दारें पाश्चात्य व्यापाराला उघडूं लागलीं, १८६७ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनांत जपाननें भाग घेतला, आणि मग हे कागद युरोपांत अशा विपुलतेनें आले कीं गरीब चित्रकारालाही ते परवडावे. व्हिन्सेंटनें बिंग नांवाच्या व्यापाऱ्याकडचे ढीगच्या ढीग उपसून शेंकडों चित्रें जमविलीं. १८८७ सालीं एका उपाहारगृहांत त्यांचें प्रदर्शनही भरविलें. त्या संग्रहांतलीं सुमारें पांचशें चित्रें आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांत आहेत.

नुसतें जमवूनही त्याचें समाधान झालें नाहीं. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचीं दोन चित्रें, एक आलुबुखाराच्या जातीच्या झाडाचें व दुसरें पुलावर कोसळणाऱ्या पावसाचें, त्यानें त्याच वर्षीं तैलरंगांत उतरवून काढलीं. कडेला जपानी अक्षरेंही हुबेहूब गिरविलीं. त्यांतलें एकही त्याला वाचतां येत नव्हतें. आम्ही शिक्षक लोक अशा नक्कलेला कमी गुण देतों. परंतु लहान मूल धुळाक्षरें गिरवितें तेंही अर्थ न कळतांच, आणि त्यांतूनच त्याला पुढें स्वतःचें नांव लिहितां येतें.

तें नांव त्याला कसें लिहितां आलें, हें पाहावयाचें असेल तर तांगीबाबांचींच दोन चित्रें शेजारीं ठेवावीं. व्हिन्सेंटनें त्यांना एकंदर तीन वेळां रंगविलें. त्यांतलें पहिलें, १८८७ च्या आरंभाच्या सुमाराचें, कोपनहेगन येथें आहे. आम्हीं तें छापील प्रतींतच पाहिलें. त्यांत तपकिरी अंधार आहे, आणि त्या अंधारांतून एक कष्टाळू म्हातारा वर येतो. चित्र चांगलें आहे; पण असे म्हातारे युरोपांत पूर्वीं अनेकांनीं रंगविले होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांतलें हें रोदाँ संग्रहालयांतलें चित्र पाहावें, तों तोच माणूस, तोच चित्रकार, आणि अंधार मात्र पार नाहींसा! चेहऱ्यावर तांबड्या-हिरव्या रंगांचे फटकारे उघड दिसतात, कोटाचा निळा रंग निळाच राहतो, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्याची सांवली मागच्या भिंतीवर कोठेंही पडत नाहीं.

ही सांवली न पडण्याची गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची आहे. शाळेंत असतांना आमच्या एका चित्रकलेच्या मास्तरांनीं आमचा पेरू वर्गासमोर उंच धरून विचारलें होतें, ‘याची सांवली कुठें आहे? सांवली नसेल तर हा पेरू भुताचा!’ सारा वर्ग हंसला. आम्हीं तो पेरू आमच्या आजीच्या पाहण्यांतून काढला होता. ती दिवाळींत अंगणांत गाई, पावलें, तुळशीवृंदावन काढी, त्यांतल्या कशालाच सांवली नसे. त्या दिवसापासून आजीचें तें सारें अडाणीपणाचें, आणि सांवली असेल तेंच खरें, असा निवाडा आम्हीं मनाशीं करून टाकला. आमच्या इंग्रजी शिक्षणांत असे निवाडे फार झाले. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस मुंबईस निघाला, आणि आमचे देवही छाया-प्रकाशांत, गोल गोल बाहूंनीं घरोघर येऊन बसले. ते आम्हांस आजही प्रिय आहेत. त्यांची निंदा आम्हीं करणार नाहीं. परंतु ज्या काळीं आपण ही सांवली कौतुकानें घरांत घेत होतों, त्याच काळीं पॅरिसमधले कांहीं धडपडे लोक ती घराबाहेर काढण्याची विद्या पूर्वेकडून शिकत होते, हें आम्हांस वयाच्या पन्नाशीनंतर एका परक्या शहरीं कळावें, याचा खेद वाटल्यावांचून राहिला नाहीं.

तथापि ‘हा पूर्वेचा विजय’ असें म्हणून छाती फुगविण्याचा मोह आम्हीं आवरला. कारण हिशेब इतका सरळ नाहीं. जपानी चित्रांतलें तें सुंदर निळें पाणी आणि आकाश पाहा. होकुसाइ व हिरोशिगे यांच्या चित्रांना शोभा आणणारा हा ‘प्रशियन निळा’ रंग मूळचा बर्लिनचा. अठराव्या शतकाच्या आरंभीं तो तेथें तयार झाला, जहाजांतून जपानला गेला, आणि १८३० च्या सुमारास तेथल्या छपाईंत रुळला. दूरचे रस्ते लहान होत जातात असें दाखविण्याची युक्तिही जपानी चित्रकारांनीं डच लोकांनीं आणलेल्या चित्रांवरून उचलली होती. व्हिन्सेंट स्वतः डच! म्हणजे त्याच्या पूर्वजांनीं दिलेलें कांहीं जपाननें घेतलें, वाढविलें, आणि नातवाला व्याजासकट परत केलें. या खात्यांत धनको कोण आणि ऋणको कोण, हें सांगणें कठीण आहे.

चित्रापुढें बराच वेळ उभे राहिल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. मागचीं जपानी चित्रें निव्वळ शोभेसाठीं लावलेलीं नाहींत. म्हातारा आणि भिंत यांच्यामध्यें अंतरच नाहीं. तो त्या चित्रांच्या पुढें बसलेला नसून त्यांच्यांतच बसला आहे. रंगाची दुकानदारी करणारा हा माणूस फुजी पर्वत, बहरलेलें झाड आणि नटवे यांच्या पंक्तींतला झाला आहे. आणि त्याची ती सरळ, दोन्ही बाजू सारख्या असलेली, निश्चल बैठक! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत ज्यांनीं पाऊल टाकलें असेल, त्यांना गाभाऱ्यांत समोर बसलेली बुद्धमूर्ति आणि भोंवतालच्या भिंतींवरचें रंगीत जग आठवेल. आम्हांस तर तें तत्काळ आठवलें. ही केवळ आमची भाबडी कल्पना नसावी. कारण पुढच्याच वर्षीं व्हिन्सेंटनें स्वतःचें एक चित्र काढलें तें बुद्धाची उपासना करणाऱ्या जपानी भिक्षूच्या रूपांत. बाजारांतल्या साध्या कागदांकडून तो हेंच शिकला असेल काय, कीं ज्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाहीं, त्यालाही मधोमध बसवितां येतें?

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. १८८८ च्या फेब्रुवारींत व्हिन्सेंट दक्षिण फ्रान्सला निघून गेला. पुढें त्याच्या कांहीं चित्रांना ठेवावयास जागा हवी होती, तीही थिओनें तांगीबाबांच्या घरींच घेतली. १८९० च्या जुलैंत व्हिन्सेंट वारला, तेव्हां पॅरिसहून त्या खेड्यांत प्रेतयात्रेला जाणाऱ्या मोजक्या मंडळींत हा वृद्ध दुकानदार होता. १८९४ सालीं तोही गेला. मागें राहिलेल्या बाईंना आधार व्हावा म्हणून मिर्बो या लेखकानें पुढाकार घेतला, चित्रकारांनीं आपापलीं चित्रें दिलीं, आणि त्यांचा लिलांव झाला. सेझानचीं चित्रें त्या वेळीं अगदीं किरकोळ किमतींस गेलीं. हें व्यक्तिचित्र मात्र तांगीबाबांनीं मरेपर्यंत आपल्यापाशीं ठेवलें होतें. त्यांच्या पश्चात् तें रोदाँच्या संग्रहांत आलें, आणि म्हणून त्या दिवशीं आमच्यासमोर होतें.

आतां आमच्या ओशाळेपणाची गोष्ट. १९८८ च्या सुमारास आम्ही पुण्यास इंग्रजी घेऊन एम्. ए. करीत होतों. अप्पा बळवंत चौकाजवळ एका बोळाच्या तोंडाशीं एक वृद्ध गृहस्थ जुनीं पुस्तकें मांडून बसत. आम्ही सारे विद्यार्थी त्यांना काका म्हणत असूं. हार्डीच्या कादंबऱ्या, शेक्सपियरवरचीं टीकापुस्तकें, आणि पाश्चात्य चित्रकलेवरचें एक पाठकोरें झालेलें पुस्तक आम्हीं तेथूनच नेलें. व्हॅन गॉग हें नांव आम्हीं प्रथम वाचलें तें त्या फाटक्या पुस्तकांत. खिसे चांचपूं लागलों कीं काका म्हणत, ‘आधीं वाच रे. पैसे काय, कुठं पळून जातात?’ आणि एका लांबट चोपडींत कांहीं तरी टिपून ठेवीत.

पैसे नाहीं पळाले, आम्ही पळालों. नोकरी लागून दुसऱ्या गांवीं गेलों तेव्हां काकांचे नव्वद रुपये देणें होतें. पहिल्या पगारांत देऊं म्हटलें. पहिला पगार घरीं गेला. मग लग्न, मग बिऱ्हाड, मग मूल. पुण्यास अनेकदां जाणें झालें, पण त्या चौकांत जावयाचें तर नव्वद रुपयांची लाज वाटे, आणि जसजशीं वर्षें जात तसतशी रक्कम तीच राहून लाज वाढत जाई. शेवटीं सात वर्षांनीं धीर करून गेलों, तों त्या जागीं घड्याळें दुरुस्त करणारा बसला होता. त्याला काकांविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें.

पॅरिसला त्या रात्रीं जेवतांना आम्हीं ही हकीकत मुलीला सांगितली. तिनें सहज विचारलें, ‘बाबा, त्यांचं नांव काय हो?’

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. दोन वर्षें आम्हीं त्या माणसाचीं पुस्तकें वाचलीं, त्याच्या फळकुटावर बसून त्याचा चहा प्यालों, त्याच्या चोपडींत आमचें नांव लिहिलेलें होतें. आणि त्याचें नांव आम्हीं कधीं विचारलें नाहीं. ‘काका म्हणायचों,’ एवढेंच आम्ही पुटपुटलों. आमच्या सौभाग्यवतींनीं विषय बदलला. त्यांना अशा वेळा ओळखतां येतात.

घरीं परतल्यावर आम्हीं जुना आल्बम काढला. एम्. ए. चा निकाल लागला त्या दिवशीं आम्हां चौघां मित्रांनीं कोणाचा तरी कॅमेरा आणून त्या दुकानापुढें एक छायाचित्र काढविलें होतें, हें आम्हांस पक्कें स्मरत होतें. छायाचित्र सांपडलें. आम्ही चौघे मधोमध आहों. केंस विंचरलेले, छाती पुढें. मागें पुस्तकांच्या रांगा आहेत. आणि उजव्या कडेला, जेथें चौकट संपते तेथें, सदऱ्याची एक बाही आणि एक हात आहे. हातांत एक पुस्तक आहे, बहुधा कोणाला तरी देण्यासाठीं पुढें केलेलें. बाकीचे काका चौकटीबाहेर राहिले.

त्या वेळीं ‘काका, तुम्ही मध्यें या’ एवढे चार शब्द म्हणावयास कांहीं चित्रकला यावी लागत नव्हती.

हल्लीं आमच्याकडे विद्यार्थी पुस्तक मागावयास येतात. आम्हीं देतों आणि टिपून ठेवीत नाहीं. त्यांतलीं निम्मीं परत येत नाहींत. त्यानें काकांचे नव्वद रुपये फिटले असें मात्र आम्हीं समजत नाहीं. ज्याचें देणें त्यालाच द्यावयाचें असतें. संग्रहालयांतून आणलेलें तांगीबाबांचें एक लहानसें छापील चित्र आम्हीं लिहिण्याच्या मेजावर ठेवलें आहे, आणि त्याच्या शेजारीं तें जुनें छायाचित्र. येणारेजाणारे तांगीबाबांकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारतात, आणि आम्हीं त्यांना क्लोझेल गल्लींतल्या दुकानाची सारी कथा हौसेनें सांगतों. शेजारच्या छायाचित्रांतला हात कोणाचा, हें अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं.